अर्धवट ओळखीचे शब्द : अभ्यासिकेतल्या इंग्रजी कार्डांच्या प्रकल्प नोंदी

१ जून

जागा ठरली. सदाशिव पेठेत मामांची अभ्यासिका आहे, तिथली मागची खोली रविवारी सकाळी आपली. दुपारी मात्र बारा वाजता ती खुर्च्यांसकट परत द्यायची, असं मामांनी दोनदा सांगितलं.

काम असं: बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता निकालपत्रं, अग्रलेख, अर्थशास्त्राचे जाडजूड अहवाल इंग्रजीतून वाचायची वेळ आलेल्या मुलांसाठी शब्दकार्डांची एक डेक बनवायची. ॲन्की या कार्डांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपवर, म्हणजे अँड्रॉइड फोनवर फुकट चालेल. अर्थ मराठीत. माणसं चार. मी (दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिते), कायद्याच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, यूपीएससीचा बार्शीचा पोरगा, आणि शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे सर.

बार्शीकर अप्पा बळवंत चौकातून आणलेलं एक झेरॉक्सचं बाड घेऊन आला होता. अवघड शब्दांची यादी, एबीसीडीच्या क्रमाने. त्याला ‘पल्क्रिट्यूड’ म्हणजे सौंदर्य हे पाठ आहे. तो शब्द आजवर कुठल्याही पेपरात भेटला का, असं सरांनी विचारलं. नाही. असल्या याद्या मुख्यतः जुन्या जीआरईच्या, म्हणजे परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेच्या, जमान्यातल्या. तेव्हा विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे सुटे प्रश्न यायचे. ते २०११ मध्ये परीक्षेतून गेले, पण झेरॉक्सवाल्यांकडून काही गेले नाहीत.

८ जून

यादीशिवाय सुरुवात होत नाही, मग निदान बरी यादी घेऊ. दोन घेतल्या.

पहिली मायकेल वेस्टची, १९५३ ची, साधारण २,००० शब्दांची. हा गृहस्थ ढाक्याला शिक्षकांना शिकवायचा. बंगालच्या मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून कमीत कमी किती शब्द लागतील, या खटपटीतून त्याचं हे सगळं काम उभं राहिलं. दुसरी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची, २००० सालची, न्यूझीलंडमध्ये केलेली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर चाळून, वेस्टच्या यादीत नसलेली पण चारही शाखांत पुन्हा पुन्हा येणारी ५७० शब्दकुटुंबं त्यांनी काढली. कुटुंब म्हणजे ‘कॉन्स्टिट्यूट’ आलं की त्यामागे ‘कॉन्स्टिट्यूशन’, ‘कॉन्स्टिट्यूअन्सी’, ‘अनकॉन्स्टिट्यूशनल’ सगळे आले.

हिशेब असा की अभ्यासाच्या मजकुरात वेस्टचे शब्द सुमारे ७६ टक्के आणि कॉक्सहेडचे १० टक्के. कथा-कादंबऱ्यांत मात्र कॉक्सहेडचे दीड टक्काही नाहीत. म्हणजे आपल्या मुलांसाठी ही यादी नेमकी आहे, पण इंग्रजी कादंबरी वाचायला ती घेऊन बसू नये.

राहतात १४ टक्के. ऐकायला कमी वाटतात. पण शब्दसंग्रहावर संशोधन करणारे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलंय की कोणाच्या मदतीशिवाय नीट वाचायचं तर ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. सातातला एक अडत असेल तर ते वाचन नाही, डिक्शनरीची पानं उलटणं आहे.

१५ जून

स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. मजकूर टाकला की ती वेस्टचे शब्द हिरवे, कॉक्सहेडचे पिवळे आणि बाकीचे लाल करून देते. मजकूर कोर्टाच्या निकालपत्रांचा घ्यायचं ठरलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निकालपत्र छापायला आडकाठी नाही, कोर्टाने मनाई केलेली नसली म्हणजे झालं. अग्रलेखातून वाक्यंच्या वाक्यं उचलता येत नाहीत. राज्यघटना आणि जुने कायदेही घेतले.

लाल ढिगात ‘ॲफिडेव्हिट’, ‘अपेलंट’, ‘इंटर अलिया’. अपेक्षित माल.

२२ जून

पालख्या आज पुढे गेल्या. रस्ते बंद असतील म्हणून बार्शीकर आला नाही. सर चालत आले.

आज मुद्द्याचं सापडलं. कायदेवाली घटनेतलं कलम ३००-अ वाचत होती: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज प्रॉपर्टी सेव्ह बाय ऑथॉरिटी ऑफ लॉ.’ म्हणाली, “ताई, यात मालमत्ता वाचवायचा संबंध कुठे येतो?” वाक्यातल्या ‘सेव्ह’ला तिने फाइल सेव्ह करण्यातला, जीव वाचवण्यातला ‘सेव्ह’ धरलं होतं. इथे त्याचा अर्थ ‘वगळता’. कायद्याने दिलेला अधिकार सोडला तर दुसऱ्या कशानेही कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही.

आमच्या स्क्रिप्टने ‘सेव्ह’ हिरवा केला होता. सोपा, पहिल्या दोन हजारांतला, कार्ड नको. यंत्र अक्षरं मोजतं, अर्थ मोजत नाही.

सरांनी लगेच कलम २६५ काढून दाखवलं. तिथे जवळजवळ हीच रचना आहे, पण ‘एक्सेप्ट बाय ऑथॉरिटी ऑफ लॉ’. एकाच घटनेत दोन शब्द का? ३००-अ जरी १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आलं असलं, तरी त्याची भाषा रद्द झालेल्या कलम ३१ च्या पहिल्या पोटकलमातून जशीच्या तशी उचललेली आहे. एवढं कळल्यावर ती मुलगी हा ‘सेव्ह’ जन्मात विसरणार नाही, पण प्रत्येक शब्दामागे सर कुठून आणायचे?

२९ जून

गेल्या वेळच्या प्रकारावरून सगळ्यांना एकच काम दिलं होतं. वाचताना जिथे प्रत्येक शब्द माहीत आहे आणि तरी वाक्य लागत नाही, ते वाक्य उतरवून आणायचं. लाल शब्दांकडे बघायचंच नाही.

ढीग जमला. आणि बहुतेक शब्द असे की जे आपण दिवसभर मराठीत वापरतो.

‘मटेरियल’ म्हणजे विटा-वाळू किंवा झेरॉक्सच्या नोट्स. ‘मटेरियल फॅक्ट’ म्हणजे निकालावर परिणाम करील अशी महत्त्वाची बाब. ‘एंटरटेन’ म्हणजे करमणूक, म्हणून ‘कोर्ट डिक्लाइन्ड टू एंटरटेन द पिटिशन’ वाचून बार्शीकर हसला होता. खरं तर कोर्टाने अर्ज विचारातच घ्यायला नकार दिलाय. ‘क्वालिफाय’ म्हणजे परीक्षेत पात्र ठरणं, त्यामुळे ‘क्वालिफाइड सपोर्ट’चा अर्थ त्याने ‘पात्र लोकांचा पाठिंबा’ असा लावला. तो हातचं राखून, अटी घालून दिलेला पाठिंबा आहे. म्हणजे अर्थ जवळपास उलटा लागला! ‘सिक्युरिटी’ सोसायटीच्या गेटवर बसलेला असतो. बँकेच्या कागदावर ती तारण असते, आणि शेअर बाजाराच्या बातमीत रोखे. ‘सेक्टर’ म्हटलं की निगडी-प्राधिकरण. ‘पॉलिसी’ विम्याची. ‘सँक्शन’ तर दोन्ही टोकांना उभा: महापालिकेत प्लॅन सँक्शन होतो तेव्हा मंजुरी, एखाद्या देशावर सँक्शन लागतात तेव्हा निर्बंध.

‘पल्क्रिट्यूड’ अडला तर निदान अडल्याचं कळतं, माणूस डिक्शनरी उघडतो. ‘मटेरियल’ अडल्याचं कळतच नाही. माणूस चुकीचा अर्थ घेऊन आत्मविश्वासाने पुढच्या परिच्छेदात जातो, आणि पानाच्या शेवटी वाटतं की लेखकाचंच काहीतरी बिनसलंय. ॲडव्हान्स्ड शब्दसंग्रह म्हणून आपण जे शोधतोय ते मुख्यतः इथे आहे, ओळखीच्या शब्दाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अर्थात. डेकचं नाव बदललं: ‘अर्धवट ओळखीचे’. कॉक्सहेडची यादी राहीलच, पण नंबर दोनवर.

६ जुलै

कार्डाचा नमुना. यावर दोन तास गेले आणि ते योग्यच होतं.

पुढच्या बाजूला नुसता शब्द द्यायचा नाही. ‘इंटरेस्ट’ असं कार्ड दाखवलं की पोरं ‘व्याज’ किंवा ‘आवड’ म्हणणार आणि ‘आलं’चं बटण दाबणार. उत्तर बरोबर, उपयोग शून्य. म्हणून पुढे पूर्ण वाक्य, त्यात शब्द ठळक. एका अर्थाला एक कार्ड. ‘इंटरेस्ट’ची तीन होतील: व्याज, हितसंबंध, आणि मालमत्तेतला हक्क.

मागच्या बाजूला मराठी अर्थ. इथे अडचण वेगळीच निघाली. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २(ड): ‘कन्सिडरेशन’. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, त्यातून मी ‘प्रतिफल’ लिहिलं. कायदेवाली म्हणाली, “ताई, आता प्रतिफलचं वेगळं कार्ड करायचं का?” बरोबर आहे तिचं. कोशातला शब्द कंसात ठेवला, कारण मराठीतून उत्तरं लिहिणाऱ्याला तो लागतोच. त्याच्या आधी साध्या भाषेत: ‘करारात एकाने जे द्यायचं किंवा करायचं कबूल केलं, त्याच्या बदल्यात दुसऱ्याने दिलेलं किंवा केलेलं काहीही, अगदी एखादी गोष्ट न करणंसुद्धा’.

डिक्शनरीतली व्याख्या उचलायची नाही. सगळं आपल्या शब्दांत. त्याने वेग निम्मा होतो, पण व्याख्या आपण लिहितो तेव्हा ती कुणासाठी लिहितोय ते डोळ्यांसमोर असतं.

१३ जुलै

तांत्रिक. स्प्रेडशीटमधून साधी सीएसव्ही काढली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फाइल ‘यूटीएफ-८’ एन्कोडिंगमध्येच काढायची. स्वल्पविरामाने वाक्यं तुटतात म्हणून टॅबने वेगळं केलेली फाइल. खोलीच्या भिंतीवर लिहून चिकटवलंय.

२० जुलै

उच्चार. सरांचा दिवस.

उच्चार देवनागरीत लिहायचा का यावर माझा विरोध होता, सरांनी तो मोडून काढला. त्यांचं म्हणणं, आंतरराष्ट्रीय ध्वनिचिन्हं या मुलांना कोणी शिकवलेली नाहीत, आणि देवनागरीत निम्मं काम फुकट होतं. मराठीत आपण ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ वेगळे लिहितो, ॲ आणि ऑ आपल्याकडे आहेत. देवनागरी कुठे कमी पडते तर आघातात. मराठीत शब्दाच्या एका अवयवावर जोर देऊन बाकीचे गिळायची रीत नाही. इंग्रजीत जोर सरकला की शेजारचे स्वरही बदलतात.

मग त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं. ‘ॲनलाइज’, जोर ‘ॲ’वर. ‘अनॅलिसिस’, जोर ‘नॅ’वर. ‘ॲनलिटिकल’, जोर ‘लि’वर. एकच कुटुंब, जोर प्रत्येक पायरीला एक घर पुढे. ‘इकॉनमी’त ‘कॉ’, ‘इकनॉमिक’मध्ये ‘नॉ’. आणि ‘एक्स्पोर्ट’, ‘कॉन्ट्रॅक्ट’, ‘इन्क्रीज’ हे नाम असले की जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असले की साधारणपणे दुसऱ्यावर. ‘डिटरमाइन’ म्हणणाऱ्या बार्शीकराकडून ‘डिटर्मिन’ वदवून घेताना खोलीबाहेरची मुलंसुद्धा पुटपुटायला लागली. अभ्यासिकेत बोलायला बंदी आहे हे मामांना येऊन सांगावं लागलं.

ठरलं: उच्चार देवनागरीत, जोराचं अक्षर ठळक, शिवाय आवाजाची फाइल.

२७ जुलै

खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीपात्रातला रस्ता बंद, सगळे उशिरा. ‘डिस्चार्ज’ची कार्डं आजच केली: धरणाचा विसर्ग, दवाखान्यातून सुट्टी, कर्तव्य पार पाडणं, आरोपीला खटल्याआधीच आरोपांतून मोकळं करणं, कर्ज फिटणं. पाचही मजकुरात सापडले.

३ ऑगस्ट

प्रत्येक कार्डावर वाक्य कुठून घेतलं ते लिहायलाच हवं का, असा बार्शीकराचा प्रश्न. वेळ जातो म्हणे. सरांनी उत्तर म्हणून येरवड्याच्या डेक्कन कॉलेजची गोष्ट काढली.

तिथे संस्कृतचा महाकोश चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये काम सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथ घेतले, त्यातले शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवले, प्रत्येक चिठ्ठीवर ग्रंथ आणि ठिकाण. अशा कोटीभर चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत लावलेल्या आहेत. पहिला खंड यायला १९७६ उजाडलं, आणि इतक्या वर्षांनंतरही कोश अजून अकारातच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी डिक्शनरीचीही पद्धत हीच. जेम्स मरे यांनी लोकांकडून पोस्टाने चिठ्ठ्या मागवल्या, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले.

सरांचा मुद्दा दिरंगाईचा नव्हता. या दोन्ही कोशांमध्ये अर्थ आधी ठरवून मग उदाहरण शोधलेलं नाही. चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाडले, जितके गठ्ठे पडले तितके अर्थ. “अर्थाला पत्ता लागतो रे,” म्हणाले. “पत्ता नसेल तर तो अर्थ तुझ्या डोक्यातला आहे की भाषेतला, कसं ठरवणार?”

बार्शीकराने मागच्या कार्डांवर स्रोत भरायला घेतला. तोंड वाकडं करून, पण घेतला.

१० ऑगस्ट

रोज नवी कार्डं किती? ॲन्की बसवल्याबरोबर आकडा २० असतो आणि उजळणीची मर्यादा २००. हे दोन आकडे शेजारी का आहेत ते महिन्याभराने कळतं. आज शिकलेलं कार्ड उद्या, मग काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी परत येतं, आणि कालची-परवाचीही येतच असतात. नव्याच्या दहापटीपर्यंत उजळणी साचते. अंतर वाढवत नेण्याची कल्पना जुनी आहे. आपण किती वेगाने विसरतो ते एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. सेबास्टियान लाइटनरने १९७२ मध्ये कार्डांच्या खोक्याचे कप्पे करून ते घरोघरी नेलं. ॲन्कीत आता एफएसआरएस नावाचं नवं गणित आहे, ते चालू ठेवलं.

आमचा आकडा: दिवसाला ७ नवी. परीक्षेच्या महिन्यात शून्य, फक्त उजळणी. कॉक्सहेडच्या ५७० ला या वेगाने तीन महिन्यांहून थोडा कमी वेळ लागेल, एका कुटुंबाचं एकच कार्ड धरलं तर.

बाहेर ढोलपथकाचा सराव. खिडकी लावून काही होत नाही.

१७ ऑगस्ट

एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की ॲन्की त्यावर ‘लीच’चा शिक्का मारते. जळू. आमच्या जळवा जोडीने येतात: ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’, ‘सब्स्टॅन्टिव्ह’ आणि ‘सब्स्टॅन्शिअल’, ‘डिस्क्रीट’च्या दोन स्पेलिंगा.

मुलांनी मागणी केली की जवळचे शब्द एकत्र शिकवा, म्हणजे फरक कळेल. शाळेत असंच शिकवतात. टिंकहॅम (१९९३) आणि वॉरिंग (१९९७) यांनी नेमकं हेच तपासलं होतं, आणि निष्कर्ष उलटा आला: अर्थाने जवळचे नवे शब्द एकदम शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. म्हणून जोडीतला एक पक्का होईपर्यंत दुसरा थांबवायचा. पक्का झाला की मग दोघांचं मिळून एक वाक्य: वकिलाने सूचित केलं ते ‘इम्प्लाय’, न्यायाधीशांनी त्यावरून ताडलं ते ‘इन्फर’.

३१ ऑगस्ट

समोर मांडव, सकाळपासून स्पीकर. तरी काम झालं.

बार्शीकराने खोलीमालकाला इंग्रजीत ईमेल लिहिली, भाडं कमी करावं म्हणून. त्यात ‘कमेन्स’, ‘अमेलियोरेट’ आणि शेवटी ‘काइंडली रिव्हर्ट’. मालक पेठेतलेच, त्यांनी मराठीत फोन करून विचारलं की वकील लावलाय का. भाडं कमी झालं नाही.

त्यावरून दोन टॅग काढले. ‘ओळखायचा’ आणि ‘वापरायचा’. ‘अमेलियोरेट’ ओळखायचा, लिहिताना ‘इम्प्रूव्ह’ पुरतो. ‘रिव्हर्ट’ला तिसराच शेरा: भारतात ‘उत्तर द्या’ म्हणून चालतो, बाहेरच्या बहुतेक मजकुरात तो ‘पूर्वस्थितीला जाणे’. ‘वापरायचा’ टॅग असेल तर कार्डावर शब्दाचे शेजारी हवेतच. निष्कर्ष ‘ड्रॉ’ करतात, धोका ‘पोज’ होतो, गुन्हा ‘कमिट’ होतो. पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’, त्यांची अदलाबदल चालत नाही. अशा जोड्यांना नियम नाही, वाचूनच येतात. म्हणून ‘वापरायचा’ टॅग कंजूषपणे द्यायचा, असं सरांचं फर्मान. पाचात एक, फार तर.

७ सप्टेंबर

मिरवणूक अजून चालूच. सुट्टी.

१४ सप्टेंबर

पहिली आवृत्ती अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकली. कोणीही वापरावी, बदलावी, फक्त स्रोताची ओळ पुसू नये.

पहिल्याच दिवशी तक्रार आली, आणि चांगली आली. एमबीएच्या एका मुलीला ‘टेबल’चं कार्ड चुकीचं वाटलं. आम्ही लिहिलंय ‘सभागृहापुढे मांडणे’. तिच्या अमेरिकन पुस्तकात ‘टेबल द प्रपोजल’ म्हणजे प्रस्ताव बाजूला ठेवणे. दोन्ही खरे. ब्रिटनमध्ये आणि आपल्या संसदेत मांडणे, अमेरिकेत चर्चा लांबणीवर टाकणे. तेव्हा दोन कार्डं, आणि पुढच्या बाजूला देशाचं नाव, नाहीतर नुसत्या वाक्यावरून कळायचं नाही. संसदेचं वाक्य कायदेवालीकडे तयार आहे. अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजातलं बार्शीकर शोधतोय. ते मिळेपर्यंत कार्ड थांबवून ठेवलंय.

पुढच्या रविवारी मामांना खोली सत्यनारायणाला हवी आहे. सरांच्या घरी बसू. लॅपटॉपचा चार्जर आपला न्यायचा.